ओबी

दिसायला तो अगदी साधा. पत्र्याची चपटी पेटी, आत बल्ब, समोर उजेड मऊ करणारी दुधी काच. त्याची जागा कॅमेऱ्यावर, भिंगाच्या अगदी वर, आणि ती तो सोडत नाही. स्टुडिओतल्या बाकीच्या दिव्यांना काही ना काही सोंग घ्यावं लागतं. कुणी उंच माचावरून चंद्रप्रकाश होतं, कुणी खिडकीबाहेर उभं राहून सकाळचं ऊन होतं, कुणी शेकोटीच्या आडोशाला बसून धग होतं. ओबी कशाचंच सोंग घेत नाही. तो सरळ समोरच्या चेहऱ्याकडे बघतो. कॅमेरा ट्रॉलीवरून पुढे सरकला की तो सरकतो, कॅमेरा थांबला की थांबतो. पडद्यावर त्याचा पत्ता लागत नाही. लागलाच तर नटीच्या डोळ्यांत, बुबुळावर चमकणाऱ्या एका ठिपक्यात.

सावल्या नाहीशा करणं हे त्याचं काम. चेहऱ्यावरचा व्रण, देवीचा खड्डा, सुरकुती आपल्याला दिसते ती तिच्या सावलीमुळे. दिवा बाजूला असला तर उजेड त्वचेवरून तिरपा घसरतो आणि केसाएवढ्या उंचवट्यामागेही काळी रेघ उमटते. दिवा भिंगाच्या रेषेतच आणला तर सावली पडते खरी, पण ती त्या उंचवट्याच्या बरोबर मागे पडते आणि भिंगाला दिसत नाही. व्रण जागच्या जागी राहतो, सावली तेवढी आड जाते. ओबीची सगळी विद्या एवढीच. ती वापरायला मात्र कसबी हात लागतो. कॅमेरा आठ फुटांवरून चार फुटांवर आला की ओबीचा उजेड चेहऱ्यावर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून ट्रॉली पुढे जात असताना त्याला त्याच गतीनं मंद करत न्यावं लागतं. हात चुकला तर गालाची, नाकाची, हनुवटीची घडण हरवते आणि चेहऱ्याच्या जागी एक पांढरा पट्टा उरतो. हात बरोबर चालला तर प्रेक्षकाला वाटतं, ही बाई आतूनच उजळली आहे.

त्याचा जन्म ‘द लॉजर’ या चित्रपटाच्या वेळचा. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचा हा चित्रपट १९४४ च्या जानेवारीत आला. दिग्दर्शक जॉन ब्राम, छायालेखक ल्युसिएन बॅलार्ड, नायिका मर्ल ओबेरॉन. बॅलार्डनं कारकीर्दीची सुरुवात योजेफ फॉन स्टर्नबर्गच्या हाताखाली केली होती. एका बाईचा चेहरा आणि त्यावर पडणारा उजेड यांतून अख्खा चित्रपट उभा करणारा तो दिग्दर्शक. ओबेरॉनच्या चेहऱ्यावर व्रण होते. १९३७ साली लंडनमध्ये स्टर्नबर्गच्याच ‘आय, क्लॉडियस’चं चित्रीकरण चालू असताना तिच्या मोटारीला अपघात झाला आणि तो चित्रपट अर्धवटच राहिला. पुढे प्रसाधनं आणि औषधं यांच्या प्रतिक्रियेनं त्वचा आणखी बिघडली, असं तिचे चरित्रकार लिहितात. भिंगाजवळ दिवा ठेवणं हे काही त्या दिवशी प्रथम घडलं नसेल. पण या एका चेहऱ्यासाठी खास दिवा बसवून त्याला कायमची जागा देण्याचं श्रेय बॅलार्डला दिलं जातं. ओबेरॉनच्या नावावरूनच दिव्याचं नाव पडलं ओबी. १९४५ मध्ये दोघांनी लग्न केलं, १९४९ मध्ये ते मोडलं. दिवा राहिला.

‘द लॉजर’ आजही बघण्यासारखा आहे, आणि ओबीला ओळखायचं तर तिथेच ओळखावं. व्हिक्टोरियन लंडन, व्हाइटचॅपलचं धुकं, गॅसचे दिवे, ओले रस्ते. लेअर्ड क्रेगरचा भाडेकरू जिना चढतो तेव्हा कठड्याच्या गजांच्या सावल्या त्याच्या अंगावर पिंजऱ्यासारख्या पडतात. कधी त्याचा अर्धा चेहरा अंधारात असतो, कधी खालून येणारा उजेड त्याचे डोळे खोल नेतो. बॅलार्डनं या चित्रपटात काळोख हातचं न राखता वापरला आहे. कथाही नजरेचीच आहे. नट्यांचं सौंदर्य हेच पाप आहे असं मानणारा एक माणूस रंगभूमीवर नाचणाऱ्या किटी लँग्ली या मुलीकडे बघत राहतो. ओबेरॉनची किटी जवळ येते तेव्हा भोवतालच्या काळोखाला तिच्या चेहऱ्यापाशी शिरकाव मिळत नाही. एकाच खोलीत, एकाच रात्री, त्याच्या तोंडावर सावल्यांचं रान माजलेलं आणि तिच्या तोंडावर एकही नाही. खोलीतल्या कुठल्या दिव्यानं हे होणं शक्य नाही. हा उजेड कथेतला नाहीच. तो कॅमेऱ्याकडून येतो, म्हणजे आपल्याकडून येतो. आपणच तिच्या तोंडासमोर दिवा धरून उभे असतो.

आता ज्या चेहऱ्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, त्या चेहऱ्याबद्दल.

मर्ल ओबेरॉन टास्मानियातल्या होबार्टची, असं तेव्हा जगाला सांगितलं गेलं होतं. ती जन्मली मुंबईत, १९११ च्या फेब्रुवारीत. नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, घरात सगळे क्वीनी म्हणत. तिला वाढवलं शार्लट सेल्बीनं आणि तिलाच ती आई म्हणे. जन्मनोंदीत मात्र आई म्हणून शार्लटची कोवळ्या वयाची मुलगी कॉन्स्टन्स हिचं नाव आहे. सेल्बी कुटुंबाचं मूळ सिलोनकडचं, मिश्र वंशाचं, क्वीनीचा बाप ब्रिटिश. क्वीनीचं लहानपण मुंबईत आणि १९१७ नंतर कलकत्त्यात गेलं. अँग्लो-इंडियन मुलीला तेव्हाच्या हिंदुस्थानात गोऱ्यांच्या क्लबात पूर्ण प्रवेश नव्हता आणि हिंदी घरांतही नव्हता. विसाव्या वर्षाच्या आत ती युरोपला गेली. लंडनला चित्रपटनिर्माता अलेक्झांडर कोर्डानं तिला हेरलं, १९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये ॲन बोलिनची छोटी भूमिका दिली आणि तिच्यासाठी नवा जन्मगाव ठरला. टास्मानिया इतकं लांब होतं की चौकशीला कोण जाणार! शार्लट तिच्याबरोबर लंडनला राहायला होती. पाहुण्यांसमोर ती घरातली नोकराणी म्हणून वावरे, असं चरित्रांत सांगितलं आहे. १९३७ साली ती वारली.

याला खोटेपणा म्हणून बाजूला सारण्याआधी त्या काळाचे कायदे बघावेत. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला होता की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. १९२४ च्या कायद्यानं आशियातून येऊन स्थायिक होण्याची वाट जवळजवळ बंद केली. हिंदी लोकांसाठी ती थोडी उघडली १९४६ मध्ये, आणि तीही वर्षाला शंभर माणसांपुरती. हॉलिवूडनं स्वतःसाठी केलेल्या नियमावलीत गोऱ्या आणि काळ्या वंशांतल्या शरीरसंबंधांचं चित्रण निषिद्ध होतं. ती लिहिली गेली १९३० मध्ये आणि १९३४ च्या जुलैपासून जोसेफ ब्रीनच्या कार्यालयानं तिचा अंमल कडक केला. नियमाचा शब्द गोऱ्या-काळ्यांपुरता असला, तरी त्याची दहशत सगळ्याच गोरेतर चेहऱ्यांवर होती. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या, नाव कमावलेल्या ॲना मे वाँगला ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका मिळाली नाही. नवऱ्याचं काम पॉल मुनी करणार होता आणि तो गोरा होता. ती भूमिका लुइझे राइनरनं केली आणि तिला ऑस्कर मिळालं. नायिका व्हायचं तर गोरं असावं लागे, आणि एकदा गोरं ठरल्यावर मग हवं तर चिनी, जपानी, इजिप्शियन काहीही होता येई.

ओबेरॉनच्या सुरुवातीच्या भूमिका याच धर्तीच्या आहेत. १९३४ च्या ‘द बॅटल’मध्ये ती जपानी उमरावाची पत्नी झाली. पुढच्याच वर्षी सॅम्युअल गोल्डविननं तिला ‘द डार्क एंजल’मध्ये इंग्लंडच्या खेड्यातली सोज्वळ मुलगी केलं. पहिल्या महायुद्धाच्या पार्श्वभूमीवरचा हा अश्रुपट ग्रेग टोलंडनं चित्रित केला होता आणि त्यासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. बक्षीस बेटी डेव्हिसला गेलं. पण आशियाई रक्ताची नटी त्या यादीत येऊन बसली होती आणि ते जगाला माहीत नव्हतं. सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जास्त टोचतं ते हे. त्या पडद्यावर आपल्याकडचं माणूस नव्हतं असं नाही. ते मधोमध होतं, सगळ्यांत जास्त उजेडात होतं, आणि तो उजेडच ते लपवत होता.

१९३९ चा ‘वदरिंग हाइट्स’ घ्या. दिग्दर्शक विल्यम वायलर, पुन्हा टोलंडचा कॅमेरा, पुन्हा गोल्डविनचा पैसा. एमिली ब्राँटीच्या १८४७ च्या कादंबरीत हीथक्लिफ हा लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला सावळा पोर आहे. शेजारचे लोक त्याला पाहून अंदाज करतात, त्यांतला एक असा की हा लास्कराचा पोर असेल. लास्कर म्हणजे ब्रिटिश जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी, बंगालमधले, गुजरातमधले, आणि रत्नागिरीकडचेही. चित्रपटात हीथक्लिफ झाला लॉरेन्स ऑलिव्हिए. ओबेरॉनची कॅथी त्याची समजूत घालताना म्हणते की तू राजपुत्र आहेस, तुझा बाप चीनचा सम्राट आणि आई हिंदुस्थानची राणी असेल. कादंबरीत ही समजूत घरातली नेली घालते. पटकथेत ती कॅथीच्या तोंडी आली. मुंबईत जन्मलेली आणि ते कुणाला सांगू न शकणारी मुलगी एका अस्सल इंग्रज नटाला सांगते आहे की तुझी आई हिंदी आहे. सेटवर कुणाला याचा अर्थ कळला असेल असं वाटत नाही. तिला कळत होता. ओळ म्हणताना तिच्या आवाजात काही थरथरलं का, हे शोधत मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा बघतो. मला काही सापडत नाही. ती ओळ ती अगदी सहज म्हणते. अभिनेत्री म्हणून तिच्याबद्दल माझा आदर त्या सहजपणानं वाढला.

या चित्रपटाला आठ नामांकनं होती आणि बक्षीस मिळालं एकच, टोलंडला. समारंभ झाला २९ फेब्रुवारी १९४० रोजी, लॉस एंजेलिसच्या ॲम्बॅसॅडर हॉटेलातल्या कोकोनट ग्रोव्ह या दालनात. त्याच रात्री ‘गॉन विथ द विंड’साठी हॅटी मॅक्डॅनिएलला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. त्या हॉटेलात काळ्या माणसांना प्रवेश नव्हता. तिच्यासाठी खास परवानगी काढावी लागली, आणि तिला बसवलं गेलं चित्रपटातल्या इतर नटांपासून दूर, भिंतीलगतच्या एका लहान टेबलापाशी. त्याआधी डिसेंबरमध्ये अटलांटात पहिला खेळ झाला तेव्हा तिला जाताच आलं नव्हतं. त्या चित्रपटात तिच्या पात्राला नावसुद्धा नाही, ते नुसतं मॅमी. एवढ्या जागेत तिनं काय काय केलं ते पाहावं. लहान मुलीच्या मृत्यूनंतर मेलनीबरोबर जिना चढत जाताना ती घरात काय चाललं आहे ते सांगत जाते. डोळे वाहत असतात, पाय थांबत नाहीत, वाक्य तुटत नाही. तो जिना तिचा आहे. कॅमेऱ्यालाही हे कळलं होतं, कारण तो तिला सोडून हलत नाही.

जिना म्हटला की आणखी एक आठवतो. १९३४ च्या ‘इमिटेशन ऑफ लाइफ’मध्ये दोन विधवा एकत्र धंदा उभारतात. गोरी बी आणि काळी डिलायला, म्हणजे क्लोडेट कोल्बेर आणि लुईज बीव्हर्स. पाककृती डिलायलाची, श्रीमंती दोघींची, घर एक. रात्री निरोप घेऊन बी वरच्या मजल्यावर जाते आणि डिलायला तळघराकडे उतरते, एकाच चौकटीत. संवाद नाही, टीका नाही. दिग्दर्शक जॉन स्टाल यांनी ही चौकट तशीच राहू दिली आणि ती त्या काळच्या कितीतरी भाषणांपेक्षा जास्त बोलते.

याच चित्रपटात ओबेरॉनच्या नशिबाची दुसरी बाजू आहे. डिलायलाची मुलगी पिओला इतकी गोरी असते की ती गोरी म्हणून खपते आणि आईला ओळख देत नाही. ती भूमिका फ्रेडी वॉशिंग्टननं केली. फिकट त्वचा, हिरवट डोळे. रस्त्यात कुणीही तिला गोरी समजावं. पडद्यावरची पिओला गोऱ्यांत मिसळायला धडपडते. खऱ्या फ्रेडीनं तसं करायला जाहीर नकार दिला. मी काळी आहे आणि तसंच सांगणार, अशी तिची भूमिका होती. त्याची किंमत तिनं मोजली. गोऱ्या नायकासमोर तिला उभी करायला नियम आड येत होते आणि मोलकरणीच्या भूमिकेसाठी ती निर्मात्यांना फार गोरी वाटत होती. १९३३ च्या ‘द एम्परर जोन्स’मध्ये कृष्णवर्णीय नट पॉल रोबसनबरोबरचे तिचे प्रसंग गडद रंग फासून पुन्हा चित्रित करावे लागले, कारण तो गोऱ्या बाईला मिठीत घेतो आहे असा प्रेक्षकांचा समज होईल अशी तपासनिसांना भीती होती. १९३७ मध्ये तिनं कृष्णवर्णीय नटांची संघटना उभारायला हात लावला आणि त्याच साली तिचा शेवटचा चित्रपट आला. तिच्या चेहऱ्यावर एकही व्रण नव्हता. तिच्यासाठी कुणी दिवा बनवला नाही.

ओबीवर आरोप करायचा का? मी करणार नाही. तो व्रण झाकायला जन्मला, वंश झाकायला नाही, आणि बॅलार्डच्या मनात कळकळीशिवाय काही असेल असं मानायला आधार नाही. पण तो ज्या घरात जन्मला त्या घराची सगळी मोजमापं गोऱ्या कातडीवर घेतलेली होती. मूकपटांच्या जुन्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, तांबूस कांती काळवंडून येई. म्हणून चेहऱ्यांवर जाड रंगाचे थर चढत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस सगळे रंग टिपणारी फिल्म आणि तिच्यासोबत विजेचे नवे बल्ब आले. १९२८ मध्ये त्यांच्या चाचण्या झाल्या आणि मॅक्स फॅक्टरनं नव्या फिल्मसाठी नवी प्रसाधनं तयार केली. हे सगळं करताना ‘बरोबर’ म्हणजे गोरी नटी बरोबर दिसणं. काळी कांती उजेड वेगळ्या तऱ्हेनं परत देते. तिला सपाट उजेडाचा मारा नको असतो. तिला बाजूनं आलेला, रुंद आणि मऊ उजेड हवा, कारण तिचं रूप तिच्या झळाळीत असतं. ही गोष्ट शिकायला अवघड नव्हती. एका नटीच्या गालावरचे खड्डे लपवायला ज्यांनी भौतिकशास्त्र कामाला लावलं त्यांना ती सहज जमली असती. नेमका इथे माझा राग आहे. त्या कारागिरांकडे बुद्धी होती, वेळ होता, पैसा होता. कुणाच्या चेहऱ्यावर तो खर्च करायचा हे आधीच ठरलेलं होतं.

रंगाच्या डबीचीही अशीच एक गोष्ट आहे आणि ती गायिका-नटी लीना हॉर्ननं स्वतः सांगितली आहे. एमजीएम स्टुडिओत १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ती आली तेव्हा ती पडद्यावर पुरेशी काळी दिसत नाही अशी तक्रार झाली. मॅक्स फॅक्टरकडून तिच्यासाठी ‘लाइट इजिप्शियन’ नावाची छटा तयार करून घेतली गेली. मग तीच छटा गोऱ्या नट्यांना मिश्र वंशाच्या भूमिकांसाठी फासली गेली. १९५१ च्या ‘शो बोट’मधल्या जुलीसाठी हॉर्न तयार होती, योग्यही होती. भूमिका गेली एव्हा गार्डनरकडे आणि रंगाची डबीही. हॉर्नला मधल्या काळात मिळत गेली ती एखाद-दुसऱ्या गाण्यापुरती जागा. दक्षिणेकडच्या चित्रपटगृहांत ते गाणं कापलं तरी कथा बिघडू नये अशा बेतानं ती गाणी चित्रपटांत घातली जात.

मुंबईकडेही एकदा वळायला हवं, कारण क्वीनी मुंबईत राहिली असती तर काय झालं असतं याचं उत्तर आपल्याच चित्रपटसृष्टीत आहे. पुण्यात जन्मलेली, टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम केलेली ज्यू मुलगी रूबी मायर्स आपल्याकडे सुलोचना झाली. अँग्लो-इंडियन रेनी स्मिथ सीता देवी झाली आणि ‘प्रेम संन्यास’, ‘शिराझ’, ‘प्रपंच पाश’ या ऐतिहासिक-पौराणिक थाटाच्या चित्रपटांची नायिका झाली. सुलोचनानं १९२८ मध्ये अनारकली रंगवली, बोलपट आल्यावर १९३५ मध्ये पुन्हा रंगवली, आणि १९५३ च्या ‘अनारकली’त ती सलीमची आई झाली. त्यांनाही नाव बदलावं लागलं, आणि आपल्या पडद्यालाही उजळ कांतीचंच वेड होतं. ते वेड आजही गेलेलं नाही. त्याबद्दल हॉलिवूडकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. पण रूबी मायर्सचं मूळ कुणापासून लपलेलं नव्हतं. तिला स्वतःच्या आईला मोलकरीण करावं लागलं नाही. तिला १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला तो तिच्या पूर्ण ओळखीसह.

ओबी पुढेही काम करत राहिला. बॅलार्ड आणि ओबेरॉन यांनी ‘धिस लव्ह ऑफ अवर्स’, ‘टेम्प्टेशन’, ‘नाइट साँग’, ‘बर्लिन एक्सप्रेस’ असे आणखी चित्रपट एकत्र केले. यांतल्या ‘टेम्प्टेशन’ची कथा गेल्या शतकाच्या वळणावरच्या इजिप्तमध्ये घडते, पौर्वात्य हवेली, गोरी विवाहिता, विष, आणि मधोमध मुंबईची मुलगी इंग्रज बाई म्हणून. पुढे बॅलार्ड उन्हातल्या माणसांचा छायालेखक म्हणून नावाजला. १९६९ च्या ‘द वाइल्ड बंच’मध्ये धूळ, घाम आणि सुरकुत्या यांनी पडदा भरून गेला आहे. एकाही सुरकुतीला त्यानं तिथे लपवलं नाही. पुरुषांच्या चेहऱ्यांना ती मुभा होती. दिवा मात्र त्याच्याहून जास्त पसरला. इतर छायालेखकांनी तो उचलला, इतर नट्यांवर वापरला, डोळ्यांत जीव आणायला, डोळ्यांखालची काळजी पुसायला. आज एलईडीच्या पातळ पट्ट्या त्याच्या जागी बसतात आणि त्यांनाही ओबी म्हणतात. तसं म्हणणाऱ्या अनेकांना ओबेरॉन कोण हे ठाऊक नसेल.

मला त्याचं पुढचं आयुष्य एका कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. भिंगाच्या रेषेतला उजेड ही सक्ती नाही, निवड आहे, हे नंतरच्या माणसांनी दाखवून दिलं. १९९१ मध्ये जूली डॅशचा ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ आला. काळ १९०२, जागा जॉर्जिया-दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळची बेटं, तिथल्या गला समाजातल्या एका कुटुंबातल्या काळ्या बायका पांढऱ्या कपड्यांत वाळूवर जमलेल्या. छायालेखक आर्थर जाफानं बरंचसं काम मोकळ्या आकाशाच्या उजेडात केलं. जुन्या हॉलिवूडच्या दक्षिणेत ज्या बायका नायिकेच्या मागे तबक घेऊन उभ्या असत, त्यांच्याच पणत्या वाटाव्यात अशा या बायका इथे चौकटीच्या मधोमध आहेत. त्यांच्या कपाळावर, गालाच्या हाडावर, दंडावर ऊन वेगवेगळं थांबतं. सावलीलाही इथे जागा आहे. एका म्हाताऱ्या हाताच्या प्रत्येक सुरकुतीत निळीच्या रंगाचा डाग दिसतो आणि तो दिसावा म्हणूनच कॅमेरा तिथे गेलेला आहे.

ओबेरॉनला हे बघायला मिळालं नाही. १९७८ मध्ये तिला होबार्टला सत्कारासाठी बोलावलं होतं, जन्मगावची कन्या म्हणून. ती गेली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ती वारली. खरी हकिकत पुस्तकरूपानं लोकांपुढे आली १९८३ मध्ये. २०२३ साली मिशेल योहला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं तेव्हा हे नामांकन मिळवणारी पहिली आशियाई अभिनेत्री कोण, हा प्रश्न उभा राहिला. काहींनी योहला पहिली म्हटलं. काहींनी सावधपणे लिहिलं की स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली. योहचा मान तिचाच आहे आणि तिनं तो उघड चेहऱ्यानं मिळवला. पण १९३५ च्या त्या यादीत बेटी डेव्हिसच्या शेजारी जे नाव आहे, त्याच्यापुढे एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, जन्म मुंबई, असं लिहायला आता कुणाची परवानगी लागत नाही. आपण मराठी वाचकांनी तरी ते तसं लिहावं, फ्रेडी वॉशिंग्टनचं नाव त्याच पानावर लिहावं, आणि ‘द लॉजर’ पुन्हा पाहताना किटी लँग्लीच्या डोळ्यांतल्या ठिपक्याकडे बघून तो दिवा कुठे बसवला आहे ते ओळखावं.